पाचव्या बोल्टची जागा

आबांनी मला सांभाळलं, हे आधी लिहून टाकते. काय घडलं ते मग. लिहायला बसलं की मुख्य तेच राहून जातं, म्हणून. नववीत शाळा सुटली. त्यानंतर नोकरीचे अर्ज आणि आईच्या दवाखान्याचे कागद सोडले तर मी फारसं काही लिहिलेलं नाही. चुकलंमाकलं तर समजून घ्यावं.

आबा म्हणजे माझे घरमालक. चाकणजवळ कुरुळीत पत्र्याच्या आठ खोल्यांची त्यांची चाळ आणि चाळीच्या मागे एक मोठी शेड. सगळं गाव त्यांना आबाच म्हणायचं. खरं नाव मला भाडेकरारावर एकदाच दिसलं. ते इथे लिहिणार नाही, कारण पुढे जे येणार आहे ते त्यांनी माझ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

मी हिंगोलीकडची. चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर लागले होते. काम एकच. पट्ट्यावरून गाडी पुढे आली की मशीन चाकाला लावायचं, बटण दाबायचं, हिरवा दिवा लागला की सोडायचं. पाच बोल्ट एका दमात आवळले जायचे. अकरा महिने मी हिरवा दिवा बघितला. मग कंत्राट संपलं, गेटवर पास काढून घेतला आणि मी खोलीवर येऊन भिंतीला टेकून बसले. मामाचा फोन आला, "झालं ना आता? ये मग. पाहुणे थांबलेत तुझ्यासाठी." आई मामाच्याच घरात राहते, त्यामुळे ती फोनवर नुसती "हूं, हूं" करत होती. परत गेले तर महिन्याभरात लग्न, आणि मग आयुष्यभर दुसऱ्याच्या घरात हूं हूं. मला ते डोळ्यांसमोर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी आबा दारात उभे.

"चाकं बसवायचीस म्हनं कंपनीत?"

"हो."

त्यांना ऐकू आलं नाही. मी मान हलवली.

"मग शेडमधी येत जा. माझ्या मनगटात बळ न्हाई ऱ्हायलं. आन् गावाला जाऊ नको एवढ्यात. खोली काय पळून जात न्हाई."

मी गावाला जायला निघाले आहे हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बॅगसुद्धा भरली नव्हती. शेजारच्या खोलीतल्या वहिनींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, आबाला माणसांचं ऐकू येत नाही. बाकी सगळं येतं."

वहिनी हे गमतीत म्हणाल्या. पण खरंच होतं ते. आबांनी पिंपरीच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर काढलेली. कान तिथेच राहिले. दारावर थाप मारली तर कळायचं नाही, फोन वाजला तर दुसऱ्याने उचलून हातात द्यावा लागायचा आणि दिल्यावरही उपयोग नसायचा. पण जुन्या गाड्या बाळगणारे हौशी लोक, पुण्यापासून मारुंजीपर्यंतचे, चाकांचं काम निघालं की आबांकडेच यायचे. त्याचं कारण मी पहिल्याच दिवशी बघितलं आणि घाबरून दोन पावलं मागे सरले.

शेडमध्ये भरदुपारी अंधार. पत्र्याला एक भोक होतं, त्यातून उन्हाची एकच काठी आत आलेली. एका जुन्या गाडीपाशी आबा उकिडवे बसलेले. तोंडात लांब स्क्रू ड्रायव्हर आडवा नाही, सरळ धरलेला. लाकडी मूठ दातांत, टोक चाकाच्या बोल्टवर. डोळे मिटलेले. उजव्या हातात सोनाराच्या असते तेवढी हातोडी. त्यांनी बोल्टवर टक् करून मारलं आणि थांबले. मग म्हणाले, "हं." पुढचा बोल्ट. टक्. थांबले. "हं." जसं पलीकडून कोणी काही सांगतंय आणि हे ऐकून घेतायत. चौथ्याला ते जरा जास्त थांबले, मूठ दातांतून काढली आणि अगदी हळू म्हणाले, "का रं? तुला काय झालं?"

मला वाटलं, पळावं. पण पळून जायचं कुठे, हिंगोलीला?

नंतर त्यांनी मलाही शिकवलं ते. दातांतून लोखंड ऐकायचं. कान गेला तरी हाड ऐकतं, म्हणायचे. नीट बसलेला बोल्ट वाजला की डोक्यात घंटेसारखी बारीक कळ येते. सैल असेल तर खुळखुळ. आणि ताणून मेलेला असेल तर काहीच नाही, लाकडावर मारल्यासारखं. "सैल बोल्टला भिऊ नको," ते सांगायचे, "सैल बोल्ट बोंबलत असतो. गप बसलेल्याला भी."

हे काम फक्त गुरुवारी व्हायचं. आमच्या औद्योगिक भागात गुरुवारी बऱ्याच कारखान्यांना सुट्टी. शेडला लागून एक प्रेस शॉप होतं. आठवड्याचे सहा दिवस त्याचा धडाका जमिनीतून पायात शिरायचा, ताटातलं वरणसुद्धा थरथरायचं. गुरुवारी सकाळी ते बंद असायचं आणि मग कुरुळीत अशी शांतता पडायची की आपल्याच नाडीचे ठोके ऐकू यावेत. मला ती शांतता कधीच आवडली नाही. सहा दिवस आवाजाखाली जे झाकलेलं असतं ते गुरुवारी उघडं पडतं असं वाटायचं. आबा मात्र बुधवारपासूनच वाट बघायचे. "उद्या बोलतील ती," म्हणायचे. ती म्हणजे बोल्ट, असं मी धरून चालले होते.

त्यांची पद्धत सांगते. चाक काढलं की पाच बोल्ट स्टीलच्या ताटलीत गोल मांडायचे, घड्याळासारखे, ज्या भोकातला बोल्ट त्याच जागी. माझ्याकडून एकदा ताटली कलंडली, बोल्ट सरमिसळ झाले. आबा जेवले नाहीत त्या दिवशी. मग तारेच्या ब्रशने आटे साफ करायचे आणि कोंबडीच्या पिसाने आट्यांवर तेल. एका बोल्टला एकच थेंब, तोही पुसून काढल्यासारखा. बोल्टचा जो निमुळता खांदा चाकाला टेकतो तिथे तेलाचा वासही लागता कामा नये. आणि तेल लावलं की बोल्ट नेहमीपेक्षा कमी आवळायचा. टॉर्कच्या पान्यावर, म्हणजे ठरवलेल्या जोराला क्लिक करणाऱ्या पान्यावर, त्यांनी एका आकड्याशी लाल दोरा बांधून ठेवला होता. त्याच्या पुढे जायचं नाही.

मी विचारलं होतं, म्हणजे पाटीवर लिहून विचारलं होतं, कमी का? कंपनीत तर जास्त असतं.

"कंपनीत कोरडा बोल्ट. कोरडा बोल्ट भांडतो, म्हनून जोर लागतो. तेलाचा बोल्ट भांडत न्हाई, घसरत घसरत आत जातो. तुला वाटतं आत्ता कुठं आवळला, आन् तो बिचारा आतमधी ताणून ताणून मरायला लागलेला असतो."

मग लावायचंच कशाला तेल, असं मी लिहिलं. आबा हसले. त्यांच्या तोंडात पुढचा एक दात नव्हता. "जुनी गाडी हाय, पोरी. तेल न्हाई लावलं तर गंजून भोकातच अडकून बसतो, सुटतच न्हाई. लावलं तर जपून वागावं लागतं. म्हाताऱ्या माणसासारखंच हाय ते."

बाहेर त्यांना लोक वेडाच समजायचे. चाकणच्या बसमध्ये चढण्याआधी आबा बसला एक फेरी मारायचे, प्रत्येक चाकापाशी वाकून नट चाचपायचे. कंडक्टर ओरडायचा, "ओ आबा, पंक्चरचं दुकान आहे का तुमचं? चढा की राव!" त्यांना ऐकूच येत नसल्यामुळे ते सगळी चाकं संपवूनच चढायचे. एकदा गावातल्या लग्नात आम्ही गेलो. सजवलेली गाडी मांडवापाशी उभी, आणि आबा फुलांच्या माळा बाजूला सारून चाकाला हात लावतायत. कुणीतरी म्हणालं, "आबा, नवरी बघा नवरी! चाक काय बघताय?" सगळे हसले. आबाही हसले, न ऐकता. पण हात त्यांनी काढला नाही पाचवा बोल्ट होईपर्यंत.

आता ती काळी गाडी.

शेडच्या अगदी आत, भिंतीला लावून, ताडपत्रीखाली. कुणाची म्हणून विचारलं की आबा ऐकू न आल्यासारखं करायचे, आणि खरंच ऐकू आलं नाही की मुद्दाम हे त्यांच्या तोंडावरून कळायचं नाही. ती कधी चालू झालेली मी बघितली नाही. तिच्यात इंजिन होतं की नाही देव जाणे. पण अमावास्येला आबा ताडपत्री वर करायचे आणि पुढच्या डाव्या चाकापाशी बसायचे. आम्ही पौर्णिमा पाळणारी माणसं, अमावास्येचं मला लहानपणापासून काही नव्हतं. तरी त्या दिवशी मी शेडच्या दारापाशीच उभी राहायचे.

त्या चाकाला चारच बोल्ट होते. पाचवं भोक रिकामं. आबा पीस तेलात बुडवायचे आणि त्या रिकाम्या भोकाच्या आट्यांना आतून तेल लावायचे. हळू, बाळाच्या कानात तेल घालतात तसं. मग स्क्रू ड्रायव्हर दातांत धरून भोकाच्या कडेवर टक् करायचे. ऐकायचे. कधी "हं" म्हणायचे. कधी नुसती मान खाली घालून बसायचे. एकदा मात्र त्यांनी मूठ तोंडातून काढली आणि स्पष्ट म्हणाले, "झालं, झालं. किती येळा इचारशील?"

शेडमध्ये आम्ही दोघंच होतो आणि मी तर काही बोलले नव्हते.

मी धावत वहिनींकडे गेले. त्या भाकरी थापत होत्या. थापता थापता त्यांनी सांगितलं, गावात बोलतात ते. आबांना एक धाकटा भाऊ होता. ती काळी गाडी एका कारखानदाराची. आबा तिची देखभाल करायचे, भाऊ चालवायचा. एक दिवस रस्त्यात पुढचं डावं चाक निखळलं, गाडी झाडावर गेली, भाऊ जागच्या जागी गेला. मालकाला ती गाडी डोळ्यांसमोर नको होती, म्हणाला, घेऊन जा. "लई जोरात चालवायचा म्हणे तो," वहिनी म्हणाल्या. "मस्तीच होती त्याला. आबाच सांगायचे तसं, तेव्हा."

आबांच्या शर्टाच्या वरच्या खिशात नेहमी काहीतरी जड असायचं. खिसा एका बाजूला ओघळलेला. मला त्या दिवशी वहिनींकडून कळलं की तो तुटलेला पाचवा बोल्ट आहे.

हे सगळं माहीत असून मी काय केलं ते आता लिहिते.

रहाटणीचे एक साहेब होते. त्यांच्या वडिलांची जुनी गाडी, दोन वर्षं आबांच्या हातून हळूहळू तयार होत आलेली. साहेबांची आई खूप म्हातारी. तिला एकदा त्या गाडीतून माहेरी, नारायणगावच्या बाजूला, जायचं होतं. नवऱ्याने तिला लग्न करून त्याच गाडीतून आणलं होतं म्हणे. गुरुवारी सकाळी निघायचं ठरलं. सोबत सात वर्षांची नात. गाडी शेडमध्येच होती, तिची चाकं तेवढी नवे टायर घालून बुधवारी यायची होती. आणि नेमकं मंगळवारी आबांच्या बहिणीचे यजमान वारले. आबा मावळात गेले. जाताना मला म्हणाले, "गुरुवारी पहाटे मी येतो आन् चाकं बसवतो. तू हात लावू नको. प्रेस चालू असताना तर न्हाईच न्हाई."

बुधवारी चारला साहेब चाकं घेऊन आले. आबा नाहीत म्हटल्यावर चेहरा पडला. "मला सातला निघायचंय गं. आई रात्रभर झोपत नाहीये आनंदाने. दुसऱ्या कोणाला बोलावू का?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू तर कंपनीत चाकंच बसवायचीस ना?"

मला नाही म्हणता आलं असतं. पण मनात आलं, हे दुसरीकडे गेले तर आबांचं गिऱ्हाईक जाईल आणि माझ्यामुळे जाईल. आणि हेही आलं, खोटं का लिहू, की आबा परत येतील तेव्हा काम झालेलं दिसेल आणि ते म्हणतील, पोरगी कामाची आहे, हिला ठेवू. मी म्हणाले, "बसवते."

शेजारी प्रेस धडधडत होतं. मी बोल्ट ताटलीत मांडले, घड्याळासारखे. आटे घासले. पिसाने तेल लावलं. मग वाटलं, लांबचा प्रवास आहे, जरा जास्त लावावं. दोन थेंब, तीन. तेल ओघळून खांद्यावर आलं, ते मी पुसलं की नाही आठवत नाही. बहुतेक नाही पुसलं. पाना हातात घेतला. लाल दोरा दिसला. मनात आलं, एवढंच? म्हातारी बाई बसणार, लहान पोर बसणार, आणि एवढंच आवळायचं? आबांच्या मनगटात बळ नाही म्हणून त्यांनी दोरा खाली बांधला असेल. मला कंपनीच्या मशीनवरचा आकडा पाठ होता. मी तो लावला. क्लिक झाल्यावर जिवाच्या समाधानासाठी आणखी थोडं दिलं. प्रत्येकाला.

पुढच्या डाव्या चाकाचा चौथा बोल्ट आवळताना हाताला काहीतरी वेगळं लागलं. घट्ट होत होत तो एकदम मऊ झाला, लोण्यात पाना शिरावा तसा. आणि त्याच क्षणी माझ्या पाठीमागे, ताडपत्रीकडून, कोणीतरी लांब श्वास सोडला.

मी वळून बघितलं. ताडपत्रीचं एक टोक हलत होतं. वारा नव्हता. प्रेसचा धक्का असेल, मी स्वतःला म्हटलं. सगळं प्रेसच्या धक्क्यानेच हलतं इथे. दाताने ऐकून बघावं म्हणून स्क्रू ड्रायव्हर उचलला, पण धडाक्यात काही कळेना, दातच वाजत राहिले. मी तो ठेवून दिला आणि शेड बंद करून घेतली.

गुरुवारी सकाळी शांतता पडली होती. पावणेसातला साहेब आले. आईला नऊवारी नेसवून, गजरा माळून आणलेलं. तिला मागच्या सीटवर बसवलं, नातीला शेजारी. म्हातारी सीटवरून हात फिरवत म्हणाली, "हेच हो, हेच. इथंच बसले होते मी." साहेबांनी गाडी चालू केली. मी बाजूला उभी, हसत होते आणि नजर मात्र पुढच्या डाव्या चाकावर होती.

आबा मागच्या दाराने, गाडीच्या पाठीमागून, शेडमध्ये आले. पिशवी खिळ्याला अडकवली. चार चाकांवर उभी गाडी बघितली. मग माझ्याकडे बघितलं. पुढे येऊन त्यांनी डाव्या मडगार्डवर तळवा ठेवला, ताप बघतात तसा.

"बंद करा," ते म्हणाले.

"अहो आबा, उशीर होतोय."

"एक जन गप हाय. बंद करा."

साहेबांनी इंजिन बंद केलं. आबा उकिडवे बसले, मूठ दातांत धरली. टक्. माझ्यापर्यंत, चार हातांवर, बारीक आवाज आला. टक्. तोही आला, पण पातळ, ताणलेल्या तारेसारखा. टक्. चौथा. टक्.

काहीच नाही. सगळ्या कुरुळीत त्या वेळी काही आवाज नव्हता, आणि त्या नसण्यातही तो बोल्ट वेगळा गप होता. मी दातांत काही धरलं नव्हतं तरी मला ते ऐकू आलं.

आबांनी अंगठ्याने बोल्टचं डोकं जरासं बाजूला ढकललं. पिकलेलं बोर देठातून सुटावं तसं ते त्यांच्या हातात आलं.

आजी आतून विचारत होती, "काय झालं रे? निघायचं ना?" साहेब खाली उतरले. आबांच्या तळव्यावरचं ते डोकं त्यांनी बघितलं, मग सीटवरच्या पोरीकडे बघितलं. तोंड पांढरं झालं. मग ते माझ्याकडे वळले.

"कोणी आवळले हे?"

मी तोंड उघडलं. शपथ घेऊन सांगते, उघडलं होतं. जिभेवर शब्द होता. त्याच्या मागे मामाचा फोन होता, पाहुणे होते, आईचं हूं हूं होतं.

"म्या," आबा म्हणाले.

त्यांना प्रश्न ऐकू आला कसा, मला अजून कळलेलं नाही. ते साहेबांकडे बघतसुद्धा नव्हते.

"काल सांजच्याला आलो मी. पोरीनं चाकं टेकवून ठेवली व्हती, ती काढून मीच पुन्यांदा बसवली. तेल जास्त झालं, हात बी जड पडला. माझा आता भरवसा न्हाई, साहेब. घेऊन जा गाडी."

साहेबांनी आधी पोरीला उचलून बाहेर घेतलं. मग एवढंच म्हणाले, "आबा, माझी मुलगी होती आत." आजीला हात धरून उतरवलं. तिला वाटलं माहेर आलं. दुपारी दुसऱ्या माणसाने येऊन गाडी ट्रकवर चढवून नेली. त्यानंतर महिन्याभरात आबांकडच्या बाकीच्या गाड्याही एकेक करून गेल्या. जुन्या गाड्यांवाले सगळे एकमेकांना ओळखतात. एकाच्या तोंडून निघालं की सगळ्यांना कळतं.

संध्याकाळी मी पाटीवर लिहिलं, का? एकच शब्द लिहिला गेला.

आबांनी खिशातून तुटका बोल्ट काढून माझ्यासमोर ठेवला. त्याच्या शेजारी सकाळचं डोकं ठेवलं. दोन्ही एकाच जागी तुटलेले, एकाच तऱ्हेने.

"मला बी इचारलं व्हतं," ते म्हणाले. "कोनी आवळला म्हनून. म्या तेल लावलं व्हतं, वर पान्याला पाइप लावून आवळला व्हता. घट्ट असावा म्हनून. भाऊ बसनार गाडीत म्हनून. मालकानं इचारलं तवा म्या म्हनलो, भाऊ जोरात चालवायचा. सगळे व्हय म्हनले. आई बी व्हय म्हनली. मेलेल्यावर घातलं म्या." मग म्हणाले, "तो दर अमावास्येला एकच इचारतो. जोरात चालवत व्हतो का रं मी?"

मी रडले. ते रडले नाहीत. उठून त्यांनी चहा टाकला आणि साखर नेहमीसारखी दोनदा घातली.

आज मी चाकणलाच एका कारखान्यात तपासणीवर आहे, कायम. ओतीव भाग हातात घेऊन हातोडीने वाजवायचे, तडा असेल तो वेगळा काढायचा. मुलाखतीला त्यांनी सहा भाग पुढे ठेवले होते. मी चौथा उचलून म्हटलं, हा गप आहे. साहेबलोक एकमेकांकडे बघत राहिले. नववी नापास-पास काही विचारलं नाही कुणी. आई आता माझ्याजवळ असते, आणि हल्ली फोनवर मामाशी चांगली मोठ्याने बोलते.

कुरुळीच्या शेडमध्ये आता कुणी भाड्याने लाकडी खोकी ठेवतं, काळी गाडी मात्र तिथेच आहे. मागच्या अमावास्येला मी गेले होते. ती गुरुवारी आली होती, प्रेस बंद. आबांना आता उकिडवं बसवत नाही. त्यांनी पीस माझ्या हातात दिलं. मी रिकाम्या भोकाला तेल लावलं, एक थेंब, पुसून. मग मूठ दातांत धरून कडेवर टक् केलं.

"काय म्हनतोय?" आबांनी विचारलं.

आत काहीतरी होतं. घंटेसारखं नाही, खुळखुळ नाही. कोणीतरी खूप जवळून, ओठ भोकाला लावून, विचारत होतं. माझंच रक्त असेल डोक्यातलं. पण प्रश्न मला कळला, आणि तो भावाचा नव्हता. कोणी आवळले, असा होता.

"काही नाही म्हणत," मी मानेने सांगितलं.

आबांनी माझ्याकडे बघितलं, मडगार्डवर हात ठेवून बघितलं होतं तसं. "बरं," म्हणाले, आणि ताडपत्री खाली ओढली.

रहाटणीचं ते घर मला माहीत आहे. दोनदा फाटकापर्यंत जाऊन आलेय. आत ती गाडी उभी दिसते, चकाकणारी, आणि आजी गॅलरीत बसलेली असते. दोन्ही वेळा मी रस्ता ओलांडून परत बस पकडली. बसच्या चाकांना हात लावून मगच चढले.

आबा, तुमचं नाव तुम्हाला परत आणून द्यायचं माझ्याकडे बाकी आहे. तुम्ही आहात तोवर, आजी आहे तोवर, मी त्या फाटकाची कडी वाजवीन आणि म्हणेन, ते बोल्ट मी आवळले होते. गुरुवारीच जाईन. त्या दिवशी आवाजाच्या मागे लपायला जागा नसते.